दिवस गेले : संप, प्रतीक्षा आणि अपत्यप्राप्तीचे उपचार

आजच्या विषयाची सूचना गेल्यावर दोघातिघांनी विचारलं, ‘सर, डॉक्टरांचा संप आणि टेस्ट ट्यूब बेबी, यांच्यामध्ये तत्त्वज्ञानाचा माणूस कुठून आला?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि कामगार पुढारीही नाही. आयुष्यभर खडू हातात घेऊन आम्ही एकच गोष्ट शिकवत आलो, ती म्हणजे काळ. काळ म्हणजे काय, तो मोजता येतो का, तो थांबतो का. सत्तरी ओलांडल्यावर घरातल्याच एका मुलीनं आम्हाला हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लावला. म्हणून आज हा विषय.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. एखादी बाई गरोदर राहिली की आपण काय म्हणतो? ‘तिला दिवस गेलेत.’ किती साधा शब्दप्रयोग आहे, पण किती अचूक! गर्भधारणेसाठी आपल्या भाषेनं शब्द निवडला तो दिवसांचा. आणि ज्या घरात मूल होत नाही, महिन्यामागून महिने सरतात, तिथेही आपण तेच म्हणतो, ‘दिवस चाललेत.’ एकीला दिवस जातात म्हणजे काहीतरी भरत येतं. दुसरीचे दिवस जातात म्हणजे काहीतरी रितं होत जातं. शब्द तेच, काळ मात्र दोन. आज जे सांगायचं आहे ते या दोन काळांबद्दल.

आमची पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत. नाव आणि गाव सांगत नाही. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही. तपासण्या झाल्या आणि सरकारी खर्चानं आयव्हीएफ होईल असं ठरलं. वय एकोणचाळीस. २०२३ चा सप्टेंबर. इंजेक्शनं सुरू होणार, त्याच्या आठवडाभर आधी केंद्रातून फोन आला, की या महिन्यात नको. बीजं काढण्याचा दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय आणि त्या दिवसांत संप आहे. पुढच्या पाळीला बघू. पुढच्या महिन्यात गर्दी होती, कारण मागं राहिलेल्या सगळ्याच बायका पुढं ढकलल्या गेल्या होत्या. मग नाताळात प्रयोगशाळा बंद. मग जानेवारीत पुन्हा संप. उपचार सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला.

आणि यातली गोम अशी, की तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, स्वतः ज्युनिअर डॉक्टर. संपात होते. रस्त्यावर फलक घेऊन उभे होते.

तिनं फोन केला तेव्हा आम्ही वडीलधाऱ्या माणसांनी म्हणायचं तेच म्हणालो, ‘धीर धर बाळा.’ ती म्हणाली, ‘धीर भरपूर आहे काका. बीजं संपत चाललीत.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘मी नेमकं चिडू कुणावर?’ आम्हाला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं, आणि तरीही अर्धवट, उत्तर आहे.

आता इतिहासाकडे वळू.

२५ जुलै १९७८. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राऊन जन्माला आली. शरीराबाहेर फलन झालेल्या बीजातून जन्मलेलं हे जगातलं पहिलं मूल. शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो, शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी अशी ही तिघांची टीम. पर्डी मूळच्या परिचारिका. प्रयोगशाळेचा भार त्यांच्यावर होता आणि त्यांचं नाव बरीच वर्षं मागंच राहिलं. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं, तोवर स्टेप्टो आणि पर्डी दोघेही हयात नव्हते.

लुईसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या आधीची ठाऊक नसते. १९६९ ते १९७८ या काळात ओल्डहॅममध्ये २८२ स्त्रिया या प्रयोगात सामील झाल्या होत्या. जन्मलेली मुलं किती? दोन. एक लुईस आणि दुसरा मुलगा, जानेवारी १९७९ मध्ये ग्लासगोला जन्मलेला. बाकीच्या २८० जणी रिकाम्या हातानं परतल्या. त्या वाट बघत होत्या म्हणून हे शास्त्र उभं राहिलं. इतिहासात त्यांची नावं नाहीत. आम्हाला वाटतं, या उपचाराचा इतिहास मुळात वाट पाहणाऱ्यांचा इतिहास आहे.

आणि ती वाट कशी होती बघा. लुईसच्या वेळी बीजं वाढवणारी औषधं वापरली नव्हती. शरीर आपल्या चालीनं महिन्याला एक बीज पिकवतं, तेवढ्या एकाच बीजावर सगळी भिस्त. ते कधी सुटणार हे कळण्यासाठी दर काही तासांनी लघवीची तपासणी करायची, संप्रेरकाची लाट दिसली की तास मोजायचे, आणि वेळ भरली की शस्त्रक्रिया. मग ती वेळ दुपारची असो की अपरात्रीची. म्हणजे बीज म्हणेल तेव्हा माणसांनी हजर व्हायचं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतीचीच उपमा आहे. बियाणं चांगलं हवं, जमीन हवी, पाणी हवं. पण पहिलं नाव कशाचं? ऋतूचं, म्हणजे योग्य वेळेचं. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वाफसा गेल्यावर पेरणी करून काय होतं, हे तो जाणतो. ओल्डहॅमची ती मंडळी ऋतूच्या पाठीमागे धावत होती.

पुढच्या पन्नास वर्षांत शास्त्रानं काय केलं? ऋतूला वेसण घातली. हे टप्प्याटप्प्यानं झालं. आधी बीजं वाढवणारी इंजेक्शनं आली आणि एकाच्या जागी आठ-दहा बीजं मिळू लागली. मग बीज अवेळी सुटू नये म्हणून शरीराची स्वतःची लय दाबून धरणारी औषधं आली. मग शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या वेळी द्यायचं आणि साधारण ३६ तासांनी बीजं काढायची, असं वेळापत्रक बसलं. आता बीजाला माणसाच्या वेळेवर यावं लागत होतं. रविवारची सुटी पाळता येऊ लागली, म्हणा ना!

आणि सगळ्यात मोठी उडी म्हणजे गोठवणं. इथे एका भारतीयाचं नाव घ्यायलाच हवं. लुईसनंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात सोडला. म्हणजे भ्रूणाला थांबायला लावलं. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांची बदली झाली आणि १९८१ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून मान मिळाला तो ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलीला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान त्यांचा आहे. स्वतःकडे आलेला मान दुसऱ्याला देणारी माणसं इतिहासात फार थोडी. असो.

जगात मान्यता पावलेलं, गोठवलेल्या भ्रूणातून जन्मलेलं पहिलं मूल १९८४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जन्मलं. पुढे झटकन गोठवण्याची पद्धत आली आणि भ्रूण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं ठेवणं नेहमीचं झालं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून ही मुदत, दर दहा वर्षांनी संमती नव्यानं देत, ५५ वर्षांपर्यंत नेता येते.

इथे जरा थांबू, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. गोठवल्यानं काय थांबतं? भ्रूणाचा काळ थांबतो. ज्या बाईनं तो वाढवायचा तिचा काळ थांबत नाही. आणि ज्या बीजांचा अजून भ्रूण झालेलाच नाही, त्यांचा तर मुळीच थांबत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या शरीरात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सदतिशीनंतर घसरण अधिक वेगानं होते. आयव्हीएफ आता ‘ठरवून’ करता येतं, म्हणून व्यवस्थेनं ते ‘ठरवून करण्याच्या’ रकान्यात टाकलं. आणि ठरवून करता येतं ते पुढंही ढकलता येतं, असं गृहीत धरलं. उपचार पुढे ढकलता येतो, हे खरं आहे. म्हणून बाईचं वय पुढे ढकलता येतं, हे मात्र त्यातून निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात विद्यार्थ्यानं असा निष्कर्ष काढला असता, तर आम्ही लाल शाईनं रेघ मारली असती.

आता दुसरा धागा, संपाचा.

ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा, एनएचएस, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. तिथले डॉक्टर लगेच संपावर गेले नाहीत. १९७५ साली ज्युनिअर डॉक्टरांनी कामाच्या तासांवरून आणि जादा कामाच्या मोबदल्यावरून आंदोलन केलं आणि बऱ्याच ठिकाणी फक्त तातडीचं काम चालू ठेवलं. पुढचा मोठा प्रसंग १९७९ च्या जानेवारीतला. इतिहासात त्या हिवाळ्याला असंतोषाचा हिवाळा म्हणतात. २२ जानेवारीला सार्वजनिक सेवांमधले कर्मचारी देशभर बाहेर पडले. रुग्णालयांमधले स्वयंपाकी, हमाल, सफाई कामगार अशी सगळी मंडळी त्यांत होती. अनेक रुग्णालयं तातडीचे रुग्ण सोडून कुणालाच घेत नव्हती. ओल्डहॅमच्या प्रयोगातलं दुसरं मूल ग्लासगोला जन्मलं ते त्याच महिन्यात, १४ तारखेला. आपल्या गोष्टीतले दोन धागे तेव्हाही शेजारी शेजारीच होते. कुणी पाहिलं नाही, एवढंच.

‘तातडीचं तेवढं चालू, बाकी बंद.’ संपाच्या इतिहासातलं हे वाक्य नीट ऐका. ते दयाळू आहे. संप करणारा कामगार सांगतो, की मालकाशी आमचं भांडण आहे, मरणाऱ्याशी नाही. गिरणीत असं करावं लागत नाही. माग थांबला तर कापड थांबतं. गिरणगावानं १९८२ चा संप सोसला. तिथे वाट पाहिली ती कामगारांच्या बायकापोरांनी. रुग्णालयात मात्र संपाची किंमत तिसराच माणूस मोजतो. म्हणून इथे आधीच यादी करावी लागते, काय चालू राहील आणि काय नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं, म्हणजे परिचारिकांच्या संघटनेनं, आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला. तेव्हा अशी यादी झाली. केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता विभाग, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग हे चालू. मार्च २०२३ पासून ज्युनिअर डॉक्टरांचे संप सुरू झाले. त्यांचं म्हणणं, की २००८ पासून महागाई धरली तर आमचा पगार सव्वीस टक्क्यांनी घटला आहे. ताशी १४ पौंड ९ पेन्स ही रक्कम तेव्हा प्रचारात गाजली. जुलैत पाच दिवस. मग वरिष्ठ डॉक्टरही उतरले. २० सप्टेंबरला आणि पुन्हा २ ते ४ ऑक्टोबरला ज्युनिअर आणि वरिष्ठ असे दोघेही एकाच वेळी संपावर होते. त्या दिवसांसाठी ठरलं होतं, की नाताळच्या दिवशी रुग्णालयात जेवढी माणसं असतात तेवढीच राहतील. आणि ३ ते ९ जानेवारी २०२४ असा सलग सहा दिवसांचा संप झाला, एनएचएसच्या इतिहासात सर्वांत लांब. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षं मिळून सुमारे बावीस टक्के वाढीवर तडजोड झाली. त्याच महिन्यात ‘ज्युनिअर’ हा शब्द जाऊन ‘रेसिडेंट’ आला. आपण ज्यांना निवासी डॉक्टर म्हणतो, तोच शब्द. २०२५ च्या जुलैत ते पुन्हा संपावर गेले.

या सगळ्या काळात पुढे ढकललेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया एनएचएसच्या मोजणीनुसार पंधरा लाखांच्या आसपास जातात. प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ७७ लाखांवर होती. पण एक लक्षात ठेवा, संपाच्या आधीही ही यादी ७० लाखांच्या पुढे गेलेली होती. सगळं खापर संपावर फोडणं हे इतिहासाला धरून नाही. आणि काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणंही नाही.

आता पुतणीचं गणित मांडू. इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था मार्गदर्शक सूचना काढते. तिच्या २०१३ च्या सूचनेप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, दोन वर्षं प्रयत्न करूनही गर्भ न राहिलेल्या बाईला आयव्हीएफची तीन पूर्ण आवर्तनं द्यावीत. चाळीस ते बेचाळीसमध्ये, काही अटींवर, एक. उपचार सुरू असताना चाळीस पूर्ण झाली तर चालू आवर्तन पुरं करावं, पुढचं देऊ नये. प्रत्यक्षात किती द्यायची हे इंग्लंडमध्ये प्रत्येक भागाची व्यवस्था ठरवते. काही ठिकाणी एकच, काही ठिकाणी वयाची मर्यादाही खालची. पिनकोड बदलला की नशीब बदलतं. म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी हे पाच महिने कागदावर पाच महिनेच. पण जिला चाळिसावं वर्ष आठ महिन्यांवर दिसतंय, तिच्यासाठी तो एका संपूर्ण आवर्तनाचा प्रश्न असू शकतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया पाच महिने लांबली तर पाच महिने दुखतं. ते कमी नाही. पण सहाव्या महिन्यात गुडघा ‘तुमचं वय झालं, आता शस्त्रक्रिया नाही’ असं म्हणत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, की यादीला दोन रकाने पुरत नाहीत. तातडीचं, आणि थांबू शकणारं. या दोघांमध्ये तिसरा रकाना हवा : जे आज थांबू शकतं, पण ज्याची वेळ गेली की परत येत नाही. जीव जात नाही म्हणून ते पहिल्या रकान्यात बसत नाही. आणि परत येत नाही म्हणून दुसऱ्यातही बसत नाही. सगळा पेच या तिसऱ्या रकान्याचा आहे.

आता कुणी म्हणेल, ‘सर, पाच महिन्यांनी खरंच फरक पडतो का?’ प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. २०२० साली, कोविडच्या काळात, न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे बीजांचा साठा कमी आहे अशाच स्त्रिया त्यांनी घेतल्या. पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांत उपचार सुरू झालेल्या आणि तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्या, अशी तुलना केली. मूल जन्मण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ही दिलासा देणारी गोष्ट आहे आणि ज्या बायका आज वाट बघत आहेत त्यांनी ती जरूर ऐकावी. सहा महिन्यांच्या आतला उशीर म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

पण हा दिलासा समूहाचा आहे. शंभर जणींचं प्रमाण सांगता येतं, एकीचं भविष्य सांगता येत नाही. पुतणीला आम्ही हा अभ्यास सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, मला एक सांगा. उद्या नाही झालं, तर ते उशिरामुळे की नशिबामुळे, हे मला कोण सांगणार?’ कुणीच नाही. लवकर केलं असतं तर काय झालं असतं, हे पाहायला दुसरं आयुष्य मिळत नाही. या उशिराचं खरं ओझं तेच आहे. त्याचा पुरावा देता येत नाही, म्हणून तो आकड्यांत येत नाही, आणि आकड्यांत येत नाही म्हणून दोन्ही बाजूंच्या वाटाघाटीत त्याला खुर्ची नसते. ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी १९०७ सालच्या ग्रंथात साखर आणि पाण्याचं उदाहरण दिलं आहे. साखर विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं, आणि ते थांबणं घड्याळातल्या मिनिटांसारखं नसतं. ते माझ्या अधीरतेचा एक तुकडा असतं. वर्गात आम्ही चहाचा कप दाखवून हे शिकवायचो आणि मुलं हसायची. आज वाटतं, तो कप चुकीचा होता. साखर उशिरा का होईना, विरघळतेच. इथे वाट पाहणाऱ्याला शेवट माहीत नसतो.

मग अशा वेळी माणसं तगतात कशी? आम्ही पुतणीला विचारलं, ‘तू काय केलंस?’ तिनं जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो, कारण आमच्या पुस्तकांपेक्षा ते उपयोगाचं आहे.

पहिलं, तिनं केंद्राला नेमका प्रश्न विचारला, ‘मी कुठल्या टप्प्यावर आहे आणि तो टप्पा थांबू शकतो का?’ इंजेक्शनं सुरू होण्याआधी थांबणं सोपं असतं. सुरू झाल्यावर मध्येच थांबलं तर ते आवर्तन वाया जाऊ शकतं. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर थांबताच येत नाही, ३६ तास म्हणजे ३६ तास. भ्रूण तयार झाला की पुन्हा थांबता येतं, कारण गोठवता येतं. हे कळल्यावर तिची निम्मी भीती गेली, असं ती म्हणाली. आधी तिला सगळंच एका धाग्याला लटकल्यासारखं वाटत होतं.

दुसरं, वयाच्या अटीबद्दल तिनं लेखी उत्तर मागितलं. मर्यादा कुठल्या तारखेला मोजता? नाव नोंदवल्याच्या, की इंजेक्शन सुरू झाल्याच्या? तोंडी ‘काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे. तिला लेखी मिळालं.

तिसरं, समुपदेशन. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यानं अशा उपचाराआधी समुपदेशनाची संधी देणं केंद्रावर बंधनकारक आहे. तिनं ते आधी नाकारलं होतं. ‘मला वेड लागलंय का?’ आपल्याकडचीच मुलगी ती. उशीर झाल्यावर ती गेली. पहिल्या खेपेला तासभर नुसती रडली, म्हणाली.

चौथं जरा वेगळं आहे. तिनं कॅलेंडर उतरवून ठेवलं. सगळं आयुष्य ‘पुढच्या पाळीनंतर’ या एका वाक्याला टांगलं होतं. प्रवास नाही, नोकरीतला बदल नाही, पाहुणे नाहीत. त्या हिवाळ्यात ती पोहायला शिकली. थंड देशात, एकोणचाळिसाव्या वर्षी! उपचारासाठी नव्हे. नुसतं पोहायला.

आणि जावई? त्या दोघांत काय झालं हा प्रश्न तुमच्या मनात असणार. आम्हीही भीतभीतच विचारला होता. त्यांनी तिला विचारलं होतं, ‘मी जाऊ नको का संपावर?’ ती म्हणाली, ‘तू नाही गेलास तरी माझी तारीख परत येणार नाही. आणि रात्रपाळीहून तू कसा येतोस ते मी बघते.’ २ ऑक्टोबरला सकाळी ते फलक घेऊन निघाले तेव्हा तिनं डबा भरून दिला. दोघंही एकमेकांशी त्या दिवशी फार बोलले नाहीत. आम्ही न्यायावर पुष्कळ व्याख्यानं दिली आहेत, पण तो डबा त्या सगळ्यांना पुरून उरतो. दोन माणसं, दोघांचंही म्हणणं खरं, आणि एकाच्या खऱ्यानं दुसऱ्याचं खोटं होत नाही. ती चिडली नाही असं नाही. ती चिडली. पण राग कुणा एकावर काढून तिनं तो स्वस्त केला नाही.

आपल्याकडचं दोन वाक्यांत सांगतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. पण आपल्याकडे आयव्हीएफ बहुतेक खासगी रुग्णालयांत होतं, तिथे संप पोचत नाही. आपल्याकडे बाईला वाट पाहायला लावतो तो पैसा. दागिने मोडायचे, जमीन विकायची, पुढच्या आवर्तनाचे पैसे जमेपर्यंत दोन वर्षं जायची. त्या उशिराविरुद्ध कुणी फलक घेऊन उभं राहत नाही आणि तो कुठल्या यादीतही मोजला जात नाही. इंग्लंडमधला उशीर निदान बातमीत तरी आला.

आता शेवटचं. तुम्ही विचाराल, ‘मग झालं का मूल?’ आम्ही सांगणार नाही. ते तिचं आहे. आणि मुद्दाम सांगत नाही, त्यालाही कारण आहे. पाळणा हलला असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ‘बघा, उशिरानं काही बिघडलं नाही.’ नाही हलला असं सांगितलं तर म्हणाल, ‘बघा, संपानं घात केला.’ दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. तो उशीर योग्य होता की अयोग्य, हे सप्टेंबर २०२३ मध्येच ठरलं, जेव्हा तिचं नाव यादीच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलं गेलं. पुढं काय झालं त्यावरून ते ठरत नाही.

‘मी कुणावर चिडू?’ या प्रश्नाचं आमचं आजचं उत्तर एवढंच : त्या रकान्यावर. संप करणाऱ्यांनी आणि सरकारनं भांडावं, जरूर भांडावं. पण भांडायला बसताना तिसरा रकाना आखून बसावं, आणि संपात गेलेले महिने वयाच्या अटीतून वगळावेत. त्याला ना जास्त पैसे लागतात, ना जास्त डॉक्टर. पाच महिने उशीर झाला तर मर्यादा पाच महिने पुढे. एवढं तर कारकुनाच्या पेनानं होतं.

आम्ही तिला ‘धीर धर’ म्हणालो होतो. ते शब्द परत घेतो. वाट पाहणाऱ्याला धीर शिकवू नये, तो त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतो. तिच्या दिवसांचा हिशेब कुणीतरी ठेवतंय, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ आहे.

इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे लिहून पाठवा. पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला घेऊ. आणि ऐकणाऱ्यांत कुणी आज अशी वाट पाहत असेल, तर तिला आणि त्याला आमचा नमस्कार.